प्रौढांना कन्नड शिकवताना: तोंडची बोली आधी की पुस्तकातली भाषा?

मंडोळीरोड

नमस्कार मंडळी. उद्यमबागेतल्या कारखान्यांत काम करणारी आणि महाराष्ट्रातून बदली होऊन बेळगावात आलेली, अशा लोकांसाठी संध्याकाळचा कन्नड वर्ग आखायचा आहे. माणसं १४, वयं २५ ते ५०, सगळ्यांची मायबोली मराठी. आठवड्यातून ३ दिवस, दर वेळी १ तास, एकूण १२ आठवडे, म्हणजे हातात ३६ तास. लिपी कुणालाच येत नाही.

अडचण अशी की मिळतील त्या पुस्तकांत पहिल्याच पानावर 'नीवु ऎल्लिगॆ होगुत्तिद्दीरि?' (तुम्ही कुठं चाललाय?) असतं आणि गणपत गल्लीच्या बाजारात कानावर पडतं 'ऎल्लि हॊंटीरि?'. पुस्तक पाठ केलेल्या माणसाला हा तोच प्रश्न आहे हेसुद्धा कळत नाही. तर आधी काय शिकवावं? लिपी कधी आणावी? व्याकरण किती सांगावं? शिकवण्याचा अनुभव असणाऱ्यांनी नेमकं लिहावं ही विनंती. भाषेचं राजकारण या धाग्यावर नको.

(ऎ, ऒ आणि ॆ, ॊ ही चिन्हं मी ऱ्हस्व उच्चारासाठी वापरतोय. बाकी ए-ओ दीर्घ.)

हुक्केरीची_लेक

दादा, ऱ्हस्व-दीर्घाची चिन्हं वापरलीत ते फार बरं केलंत. मराठीत ए आणि ओ यांच्या लांबीनं अर्थ बदलत नाही, त्यामुळं मराठी कानाला तो फरक ऐकूच येत नाही. कन्नडमध्ये 'बॆळॆ' म्हणजे शेतातलं पीक आणि 'बेळॆ' म्हणजे डाळ. 'कॊडु' म्हणजे दे, 'कोडु' म्हणजे शिंग. मराठीतून छापलेल्या बहुतेक पुस्तकांत दोन्ही एकाच मात्रेनं लिहितात आणि चूक पहिल्या दिवसापासून पक्की होते. छापील कागद देणार असाल आणि कीबोर्डवर ही चिन्हं सापडत नसतील, तर ऱ्हस्व अक्षराखाली पेनानं रेघ ओढा, पण फरक दाखवाच.

आता बोली आणि पुस्तक. फरक दिसायला मोठा असला तरी तो नेमाचा आहे. या सहा गोष्टी धरल्या की बेळगाव-धारवाडकडचं निम्मं बोलणं उलगडतं:

शेवटचा 'ऎ' बोलताना 'इ' होतो: मनॆ – मनि (घर), तलॆ – तलि (डोकं).
'-गॆ'चा '-ग' होतो: ननगॆ – ननग (मला), निमगॆ – निमग (तुम्हाला).
'-अल्लि'चा '-आग' होतो: मनॆयल्लि – मन्याग (घरात), कन्नडदल्लि – कन्नडदाग.
चालू काळ: माडुत्तिद्दीरि – माडाकत्तीरि (करताय).
'इदॆ'चं 'ऐति' (आहे), 'इद्दारॆ'चं 'अदार' (आहेत).
'आयितु'चं 'आत': ऊट आतेन्रि? (जेवण झालं काय?)

त्यात काही शब्दच वेगळे. पुस्तकात कांदा म्हणजे 'ईरुळ्ळि', आमच्याकडं 'उळ्ळागड्डि'. पुस्तकात छान म्हणजे 'चॆन्नागि', आमच्याकडं 'छलो'. पुस्तकात घ्या म्हणजे 'तॆगॆदुकॊळ्ळि', तोंडात 'तगोरि'. शेवटच्या जोडीत पाच अक्षरांची तीन झाली. पाच अक्षरं जुळवत बसलेल्या माणसाचं वाक्य पुरं होईपर्यंत समोरचा मराठीत उत्तर देऊन मोकळा होतो.

निपाणीकर_मास्तर

ताईंची यादी अचूक आहे, पण माझं मत वेगळं आहे. प्रौढ माणूस भाषा शिकतो ती कामासाठी, आणि काम कागदावर असतं. पहाणीचा उतारा, वीजबिल, बँकेची नोटीस, दवाखान्यातली पाटी, बसवरचा फलक, सगळं प्रमाण कन्नड. तिथं 'ऐति' कुठंही लिहिलेलं नसतं. शिवाय बोली गावोगाव बदलते. अथणीकडचं आणि बैलहोंगलकडचं बोलणं सारखं नाही. धारवाडात काही घरांत 'माडाकत्तीनि'ऐवजी 'माडलिक्कत्तीनि' ऐकू येतं. यातलं कुठलं शिकवणार? पुस्तकी एकच असते. ती शिकली की बोली बाजारात आपोआप कानावर पडते. उलटं होत नाही. बोली आधी शिकलेला माणूस लिहायला बसला की अडतो.

राकसकोप

मास्तर, तुमचा मुद्दा वाचण्यापुरता शंभर टक्के खरा. पण वाचणं, ऐकणं आणि बोलणं ही तीन कामं आहेत, तिन्हींना एकच भाषारूप पुरवायचं असं कुठं आहे? वाटणी अशी करता येते: बोलायला बोली, ऐकायला दोन्ही, वाचायला पुस्तकी. शिकणाऱ्यानं दोन्ही रूपं बोलून दाखवायची गरज नाही, नुसती ओळखायची आहेत. ओळखायला लागणारी मेहनत बोलायला लागणाऱ्या मेहनतीपेक्षा पुष्कळ कमी.

हा प्रश्न जुना आहे म्हणून थोडा इतिहास. विल्यम कॅरीनं १८०५ साली बंगालमधल्या श्रीरामपूरला मराठीचं व्याकरण छापलं, त्याला रोजच्या विषयांवरचे संवाद जोडले होते. कंपनीच्या साहेबांना नुसती रूपं पाठ करून कारभार करता येत नव्हता. त्याच कॅरीचं कानडी व्याकरण १८१७ चं. पुढं युरोपात १८८२ साली फिएटोर या जर्मन अध्यापकानं भाषाशिक्षणानं उलटं वळलं पाहिजे अशी पुस्तिकाच काढली. आधी उच्चार आणि बोलणं, मग वाचन, असा त्याचा आग्रह होता. त्याच्या थोडं आधी, १८७८ साली, बर्लिट्झनं अमेरिकेत मातृभाषा वर्गाबाहेर ठेवणाऱ्या शाळा सुरू केल्या होत्या. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्याला थोड्या महिन्यांत बोलणारी माणसं हवी होती, तेव्हा संवाद पाठ करणं आणि साच्यात शब्द बदलत घोकणं ही पद्धत जोरात आली.

मुद्दा असा की समोरासमोर बोलण्याची गरज पडली तेव्हा तेव्हा पद्धत बदलली आहे. एकाच समाजात वरची आणि घरची अशी दोन भाषारूपं नांदतात, यावर भाषाशास्त्रज्ञ फर्ग्युसनचा निबंध १९५९ चा. कन्नड हे त्याचं चांगलंच उदाहरण. मराठीसुद्धा थोडीफार. आपण 'केले' लिहितो आणि 'केलं' म्हणतो, पण मराठी शिकणाऱ्या परक्याला हे पहिल्या दिवशी कुणी सांगत नाही.

बोली कुठली हा मास्तरांचा प्रश्न रास्त आहे. वर्ग ज्या गावात आहे तिथल्या बाजारातली आणि बसस्टँडवरची. अथणीचा माणूस बेळगावची बोली समजतो. दुसऱ्या गावचा म्हणून हसेलही, पण अडणार नाही.

शहापूरमाग

आता वर्गात काय करायचं ते लिहितो. एका तासाचा एक संवाद. सहा ओळींपेक्षा जास्त नाही, एका ओळीत चारपेक्षा जास्त शब्द नाहीत, नवे शब्द आठच्या आत. पहिल्या आठवड्यासाठी हा घ्या:

– उळ्ळागड्डि हॆंग्रि? (कांदा कसा ओ?)
– किलोक नलवत्तरि. (किलोला चाळीस)
– भाळ आतरि. मूवत्तैदक कॊड्रि. (फार झालं, पस्तीसला द्या)
– आगूदिल्लरि. (होत नाही)
– हंगार ऒंद किलो कॊड्रि. (मग एक किलो द्या)
– तगोरि. (घ्या)

पायऱ्या:

पहिली, नुसतं ऐकणं. संवाद आधी फोनवर रेकॉर्ड केलेला असावा, दोन वेगळ्या आवाजांत. कागद हातात नाही, फळ्यावर काही नाही. तीन वेळा ऐकवायचं. दुसऱ्या वेळी दोन प्रश्न मराठीत: भाव किती सांगितला? शेवटी किती घेतलं? वेग नेहमीचाच ठेवायचा, हळू करायचा नाही. हवं तर दोन ओळींमधली जागा ३-४ सेकंद वाढवा. हळू बोललं की गळालेले स्वर परत येतात. 'एन्बेकु'चं (काय हवं) 'एनु... बेकु...' होतं, आणि माणूस बाजारात कधीच ऐकू न येणारी भाषा शिकतो.

दुसरी, शेवटाकडून बांधणी. 'कॊड्रि'. मग 'ऒंद किलो कॊड्रि'. मग 'हंगार ऒंद किलो कॊड्रि'. सुरुवातीकडून म्हणायला लावलं तर शेवटपर्यंत येता येता आवाज विरतो. कन्नडमध्ये, मराठीसारखंच, वजन शेवटच्या क्रियापदावर असतं. कोण, किती जण, आदर आहे की नाही, सगळं तिथंच. तोच तुकडा कच्चा राहिला तर बाकीचं वाक्य वाया. आधी सगळ्यांनी मिळून, मग ओळीनं चौघांनी, मग एकेकट्यानं. एका ओळीला दोन मिनिटांच्या वर नाही.

तिसरी, शब्द बदलणं. कांद्याच्या जागी बटाटि, टमाटि, कॊतंबरि. किलोच्या जागी अर्धा किलो, पाव किलो. इथं एका वेळी एकच जागा बदलायची. दोन जागा एकदम बदलल्या की डोकं हिशेबात गुंतून जीभ थांबते.

चौथी, चिठ्ठ्या. विकणाऱ्याच्या चिठ्ठीवर खरा भाव आणि किती खाली यायचं तो आकडा. घेणाऱ्याच्या चिठ्ठीवर खिशातले पैसे. एकमेकांची चिठ्ठी बघायची नाही. तीन मिनिटांत सौदा. त्या तीन मिनिटांत शिक्षकानं मधे बोलायचं नाही, चुका कागदावर टिपायच्या आणि शेवटी फळ्यावर तीनच घ्यायच्या.

नेहमी काय बिघडतं: संवाद पाठ होतो, पण विकणाऱ्यानं तिसऱ्या ओळीवर 'आगूदिल्लरि'च्या जागी 'ऎष्ट बेकरि?' (किती हवं?) विचारलं की माणूस मुका. म्हणून दुसऱ्या आणि चौथ्या ओळीला तीन-तीन पर्यायी उत्तरं रेकॉर्ड करून ठेवा आणि कुठलं येणार हे सांगू नका.

खानापूरघाट

भाजीबाजाराआधी आकडे नकोत का? कारण इथंच सगळे आपटतात. मराठीत 'सत्तेचाळीस' म्हणताना सात आधी येतो, कन्नडमध्ये 'नलवत्तेळु', चाळीस आधी आणि सात मागून. मराठी कान शेवटचा 'एळु' पकडतो आणि डोक्यात भलताच आकडा तयार होतो. ४७ आणि ७४ (ऎप्पत्नाल्कु) ही जोडी सरावाला ठेवाच. ऎप्पत्तु (७०) आणि ऎंबत्तु (८०), ऐवत्तु (५०) आणि अरवत्तु (६०) याही जोड्या सारख्या चुकतात.

एक सुख आहे. मराठीत शंभरपर्यंतचा जवळजवळ प्रत्येक आकडा सुटा पाठ करावा लागतो, तर कन्नडमध्ये १ ते १० आणि दहाचे टप्पे आले की बाकीचे जोडून होतात. दोन तासांत होणारं काम आहे. आकडे चढत्या क्रमानं म्हणून घेऊ नका. त्यानं गाणं पाठ होतं, आकडे नाही. चिठ्ठ्या पिसून, एक जण सांगेल आणि दुसरा लिहील, असं करा.

वेळेचा फास त्याहून मोठा. सव्वातीन 'मूरूकालु', साडेतीन 'मूरूवरि', इथवर ठीक. पण पावणेचार म्हणजे 'मूरूमुक्कालु'. मराठीत पुढच्या तासाचं नाव, कन्नडमध्ये मागच्याचं. बस पावणेचारला असताना माणूस पावणेतीनला स्टँडवर जाऊन बसतो किंवा 'मूरु' एवढंच ऐकून तीन वाजता. दीड आणि अडीचला वेगळे शब्दच नाहीत: 'ऒंदूवरि', 'ऎरडूवरि'. कागदी घड्याळ घ्या आणि नुसते पावणे-सव्वा अर्धा तास करा.

मंडोळीरोड

शहापूरमाग, खानापूरघाट, दोघांचेही आभार. हे सगळं छापून घेतो.

अजून एक अडचण. वर्गात कितीही केलं तरी बाहेर पडल्यावर इथला दुकानदार अर्ध्या शब्दावर ओळखतो की माणूस मराठी आहे, आणि मराठीत बोलायला लागतो. शिकणाऱ्याला सरावच मिळत नाही. बेंगळुरूला जाऊन शिकणं सोपं, बेळगावात शिकणं अवघड अशी गत. यावर काही?

हुक्केरीची_लेक

आहे. समोरचा भाषा बदलतो ती पहिल्या दोन-तीन सेकंदांत. चूक झाल्यावर नव्हे, थांबल्यावर. व्याकरण चुकलेलं पण सलग आलेलं वाक्य चालून जातं. म्हणून प्रत्येक संवादाची पहिली ओळ अडखळ न होता बाहेर पडेल इतकी घोटायची, बाकीच्या ओळी कच्च्या असल्या तरी चालतील.

आणि संभाषण सावरायची वाक्यं पहिल्याच आठवड्यात द्या. पुस्तकांत ती पाचव्या-सहाव्या धड्यात असतात, काही ठिकाणी नसतातच:

मत्तॊम्मॆ हेळ्रि – परत एकदा सांगा.
सावकाश माताड्रि – सावकाश बोला. (पुस्तकात 'निधानवागि'. 'सावकाश' इकडच्या कन्नडमध्ये रुळलेलाच आहे.)
हंगंद्र एन्रि? – म्हणजे काय?
कन्नडदाग माताड्रि, कलियाकत्तेनि – कन्नडमध्ये बोला, शिकायलोय.

शेवटचं वाक्य म्हटलं की बहुतेक माणसं कौतुकानं थांबतात आणि सांभाळून घेतात.

'दयविट्टु' शिकवू नका. 'कृपया'सारखं ते पाटीवर आणि घोषणेत शोभतं. तोंडी आदर 'री'मधून येतो. वाक्याच्या शेवटी जो शब्द असेल त्याला 'री' लावायचा: बेकरि (हवं), बेडरि (नको), हौदरि (होय), इल्लरि (नाही). वयानं मोठ्या बाईला 'अक्कार', पुरुषाला 'अण्णार'. 'री' विसरला तर व्याकरण कितीही शुद्ध असलं तरी समोरच्याला ते उर्मट वाटतं. मी तर म्हणेन, चुकांच्या यादीत 'री' सगळ्यात वर लिहा.

राकसकोप

यात एक गोष्ट जोडतो, सीमाभागात ती फार कामाची आहे. सांगली जिल्ह्यातल्या कुपवाडवर गम्पर्झ आणि विल्सन या भाषा-अभ्यासकांचा १९७१ चा अभ्यास आहे. तिथं मराठी, कन्नड आणि उर्दू शतकानुशतकं शेजारी बोलल्या गेल्या. शब्द प्रत्येकीचे वेगळे राहिले, पण वाक्याची बांधणी इतकी एकसारखी झाली की तुकड्याला तुकडा लावून एका भाषेतून दुसरीत जाता येतं.

आता 'ऊट आतेन्रि?' घ्या. ऊट – जेवण, आत – झालं, एन् – काय, री – ओ. 'जेवण झालं काय ओ?' प्रत्येक तुकडा जागच्या जागी. किंवा 'माडाकत्तेनि'. त्यातला 'हत्तु' म्हणजे लागणे ('बेंकि हत्तितु', आग लागली), म्हणजे अक्षरशः 'करायला लागलोय'. आपल्याकडचं 'करूलालोय' हे तेच. पुण्याचं 'करतोय' घेऊन बसलात तर हा दुवा सापडत नाही.

म्हणून 'मातृभाषा वर्गाबाहेर ठेवा' हा बर्लिट्झचा नियम इथं लावू नये. इथल्या शिकणाऱ्याची बोलीभाषा, पुस्तकी मराठी नव्हे, हीच सगळ्यात जवळची शिडी आहे. नकाराचं बघा. हिंदीत हे तीन नीट वेगळे नाहीत, पण मराठीत आहेत आणि कन्नडमध्येही: बेड – नको, इल्ल – नाही, अल्ल – नव्हे. 'चहा बेकेन्रि?' (चहा हवा काय?) 'बेडरि.' 'हालु ऐतेन्रि?' (दूध आहे काय?) 'इल्लरि.' 'इदु निम्देन्रि?' (हे तुमचं काय?) 'अल्लरि.' ज्याच्या घरात अजून 'नव्हं' म्हणतात त्याला हे पाच मिनिटांत येतं. जो सगळीकडं 'नाही' म्हणतो तो 'अल्ल'च्या जागी 'इल्ल' घालत राहतो.

मात्र शिडी कुठं तुटते तेही सांगायला हवं. मराठी माणूस वाक्याला 'आहे' लावल्याशिवाय राहत नाही. 'ते डॉक्टर आहेत'चं तो 'अवरु डॉक्टर ऐति' करतो. दोन चुका: इथं क्रियापदच नको, 'अवरु डॉक्टर' हे पुरं वाक्य आहे, आणि 'ऐति' वस्तूंसाठी, माणसांसाठी नाही. कुणी घरात आहे हे सांगताना मात्र क्रियापद लागतं: 'अण्ण मन्याग अदान', 'अक्क मन्याग अदाळ', आदरानं 'अदार'.

दुसरी चूक लिंगाची. मराठीत खुर्ची ती, टेबल ते, पंखा तो. कन्नडमध्ये निर्जीव सगळं एकच. ही सवलत आहे, तिचा उपयोग करायला सांगा. बायका 'येते'च्या धर्तीवर वेगळं रूप शोधत राहतात, पण 'बर्तेनि' बाईपुरुष दोघांनाही तेच.

जर्मन_ए१

विषय कन्नडचा असला तरी परकी भाषा शिकवणाऱ्यांना हाच प्रश्न पडतो म्हणून थोडं. जर्मनमध्ये भूतकाळाची दोन रूपं आहेत. एक गोष्टी-बातम्यांत लिहिण्यात जास्त, दुसरं ('इश हाबे गेआर्बाइटेट', मी काम केलं) बोलण्यात. आताची पुस्तकं बोलण्यातलं रूप आधी देतात. फक्त 'होतं' आणि 'माझ्याकडं होतं' यांची लेखी रूपं ('वार', 'हाटे') लवकर येतात, कारण ती बोलण्यातही तशीच वापरतात. म्हणजे 'आधी सोपं मग अवघड' असा क्रम नाही, 'आधी काय बोलतात' असा आहे.

परीक्षेचा साचाही तसाच. ए१ या पहिल्या पायरीच्या परीक्षेला ऐकणं साधारण २० मिनिटं, वाचन २५, लेखन २०, बोलणं गटात साधारण १५. बोलण्यात तीन कामं: स्वतःची ओळख, चिठ्ठीवरच्या विषयावर प्रश्न-उत्तर, आणि चित्र बघून विनंती करणं व दुसऱ्याच्या विनंतीला उत्तर देणं. निबंध नाही. पास व्हायला ६० टक्के. तुमच्या १२ आठवड्यांच्या शेवटी चाचणी घेणार असाल तर ही तीन कामं कन्नडसाठी जशीच्या तशी उचलता येतील.

निपाणीकर_मास्तर

वाटणीचा मुद्दा मान्य. बोलायला बोली, ठीक. पण घोकंपट्टीवर सगळे फार भर देताय. सैन्याची पद्धत मागं पडली ती काय उगीच? साच्यातली वाक्यं तोंडात बसतात, विचार करून बोलता येत नाही.

यावरचं काम आपल्या राज्यातही झालंय. एन. एस. प्रभू यांनी १९७९ ते १९८४ या काळात बेंगळुरू, मद्रास आणि आसपासच्या शाळांत इंग्रजी शिकवायचा प्रयोग केला. व्याकरणाचे धडे नाहीत, संवाद घोकणं नाही. वेळापत्रक, नकाशा, खर्चाचा हिशेब अशी कोडी, आणि ती इंग्रजीतून सोडवायची. आधी तसलंच एक काम सगळ्या वर्गानं शिक्षकाबरोबर मोठ्यानं करायचं, मग दुसरं ज्यानं त्यानं एकट्यानं. काम किती अवघड हवं त्याचा अंदाजही त्यांनी दिलाय: निम्म्या वर्गाला निदान निम्मं जमलं पाहिजे. त्याहून कमी जमलं तर काम फार अवघड, सगळ्यांना सगळं जमलं तर वेळ वाया.

बेळगावसाठी: बसचं वेळापत्रक फळ्यावर, खानापूर, निपाणी, गोकाक, संकेश्वर अशा सहा-सात गाड्या, सुटायची वेळ आणि भाडं. प्रश्न कन्नडमध्ये: अमुक वाजता गोकाकला पोचायचं तर कुठली गाडी? ती चुकली तर पुढची कुठली? यात खानापूरघाटांचं 'मूरूमुक्कालु' आपोआप घोटलं जातं आणि डोकंही चालतं.

शहापूरमाग

मास्तर, हे उत्तम. पण प्रभूंच्या प्रयोगातल्या मुलांना शाळेत काही वर्षं इंग्रजी होऊन गेलेलं होतं. आपल्या लोकांची पाटी कोरी आहे. पहिले चार आठवडे संवाद, पाचव्यापासून आठवड्यातला एक तास कोड्यांना, नवव्यापासून दोन. असं जमेल?

निपाणीकर_मास्तर

जमेल. फक्त कोड्याच्या तासात उत्तर बरोबर आलं की पुरे. वाक्य अर्धवट असलं तरी त्या तासापुरतं चालवून घ्या. आणि लिपीचं कुणी बोललं नाही अजून.

हुक्केरीची_लेक

लिपी चौथ्या आठवड्यापासून, रोज दहा मिनिटं. त्याआधी नको, कारण अक्षर दिसलं की डोळा कानाच्या पुढं पळतो आणि माणूस पुस्तकी उच्चार करायला लागतो. फार उशीरही नको, कारण देवनागरीत लिहिण्याची सवय लागली की सुटत नाही.

वर्णमालेत ४९ अक्षरं, पण मराठी माणसाला क्रम माहीत असतो, फक्त आकार नवे. क, ख, ग या क्रमानं शिकवू नका. 'ख', 'घ', 'छ', 'झ', 'ढ' बोलण्यात फार थोडी येतात. आधी अ, इ, उ, ऎ, ए, ऒ, ओ आणि क, ग, ट, ड, त, द, न, प, ब, म, य, र, ल, व, स, ह, ळ. एवढ्यावर बसच्या पाट्यांतली बरीच नावं लागतात. जोडाक्षर कन्नडमध्ये खाली लटकतं, मराठीसारखं शेजारी अर्धं होत नाही. त्याला आठ दिवस वेगळे ठेवा. पाट्या वाचायला लागले की तिथंच पुस्तकी रूपांची ओळख होते: पाटीवर 'मनॆ', तोंडात 'मनि'.

वडगाववेस

उलट्या बाजूनं थोडं. कन्नडभाषक बँक कर्मचाऱ्यांना आणि नर्सबाईंना मराठी शिकवताना हीच यादी उलटी होते. त्यांना लिंग जड जातं. म्हणून नाम एकटं देऊ नये, विशेषणासकट द्यावं: मोठी पिशवी, मोठा डबा, मोठं ताट. 'आम्ही' आणि 'आपण' हा फरक कन्नडमध्ये नाही, दोन्हींना 'नावु'. रुग्णाला 'आम्ही डॉक्टरांकडं जाऊया' म्हटलं जातं आणि त्याला वाटतं आपल्याला टाकून चालल्या. 'मी गोळी घेतली'मधली 'घेतली' गोळीकडं बघते, माणसाकडं नाही, हेही त्यांना नवं. कन्नडमध्ये भूतकाळातही क्रियापद कर्त्याकडंच बघतं. आणि त्यांना 'घेतले' लिहिलेलं दाखवण्याआधी 'घेतलं' ऐकवा, नाहीतर ते छापल्याप्रमाणं बोलतात.

दोन्ही वर्ग एकाच इमारतीत असतील तर आठवड्यातून अर्धा तास एकत्र बसवा. पंधरा मिनिटं सगळ्यांनी कन्नड, पंधरा मिनिटं सगळ्यांनी मराठी, घड्याळ लावून. मिसळ चालू दिली की सगळे ज्याला-त्याला सोप्या भाषेत घसरतात.

मंडोळीरोड

एकत्र तास घेतो, चांगली कल्पना आहे. सगळ्यांचं जोडून आराखडा असा:

आठवडा १–३: संवाद, रोज एक, लिपी नाही. पहिल्या दोन तासांत आकडे आणि सावरायची चार वाक्यं.
आठवडा ४: संवाद चालू, शिवाय रोज दहा मिनिटं लिपी.
आठवडा ५–८: दोन तास संवाद, एक तास कोडं. घड्याळाचा अर्धा तास पाचव्यात. जोडाक्षरं सातव्यात.
आठवडा ९–१२: एक तास संवाद, दोन तास कोडी आणि पाट्या-पावत्यांचं वाचन. शेवटच्या तासाला तीन कामांची तोंडी चाचणी.

रेकॉर्डिंगसाठी धारवाड आकाशवाणीवरच्या निवेदकासारखा स्वच्छ आवाज शोधतोय.

हुक्केरीची_लेक

निवेदकाचा नको, दादा. तो पुस्तकी वळणानं बोलतो आणि शब्द सुटे-सुटे करतो. एक बाई भाजीबाजारातली, एक पुरुष रिक्षास्टँडवरचा, आणि तिसरा आवाज थोड्या वेगळ्या भागातला, गोकाककडचा वगैरे. त्यांना कागद वाचायला देऊ नका. प्रसंग सांगा, 'गिऱ्हाईक कांदा मागतंय, तुम्ही चाळीस सांगा', आणि बोलू द्या. पहिल्यांदा सगळेच शुद्ध बोलायचा प्रयत्न करतात, म्हणून तोच प्रसंग तीनदा घ्या आणि तिसरं रेकॉर्डिंग ठेवा. मागं रस्त्याचा थोडा आवाज असू दे. आणि जोडाक्षरं सातव्याऐवजी सहाव्या आठवड्यात घ्या. 'कन्नड' या शब्दातच एक लटकलंय.